विश्लेषण : मुलगा की मुलगी, हे पित्याच्या पेशीत ठरते हे कीटकांमधून कसे उलगडले? कोण होत्या नेटी स्टीव्हन्स?

अपत्याचे लिंग आईच्या आहारावर, हवामानावर किंवा दैवावर ठरते, असा समज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शास्त्रज्ञांमध्येही होता. १९०५ मध्ये अमेरिकेतील नेटी मारिया स्टीव्हन्स यांनी पिठात वाढणाऱ्या एका साध्या किड्याच्या शुक्रपेशी रंगवून त्यातील गुणसूत्रे मोजली आणि या समजाला धक्का दिला. पन्नाशीतच मृत्यू आलेल्या या संशोधिकेचे नाव पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत क्वचितच आले. त्यांचे आयुष्य, त्यांचा शोध आणि त्यानंतर उलगडलेले गुणसूत्रांचे रसायन यांचा आढावा...

सुताराच्या घरातून शाळेच्या वर्गापर्यंत...

नेटी स्टीव्हन्स यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील इफ्रेम स्टीव्हन्स सुतारकाम करत. नेटी दोन वर्षांच्या असताना आई ज्युलिया यांचे निधन झाले. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफोर्डला स्थायिक झाले. नेटी आणि त्यांची बहीण एमा यांचे शिक्षण तेथील शाळेतच झाले. १८८० मध्ये नेटी यांनी वेस्टफोर्ड अकॅडमीतून शालेय शिक्षण पूर्ण केले.

त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे नोकरीचे फारसे पर्याय नव्हते. शिक्षिका होणे हा त्यातला सर्वात रुळलेला मार्ग. नेटी यांनीही तोच धरला. न्यू हॅम्पशायरमधील लेबनन येथे त्यांनी शाळेत शिकवले. नंतर वेस्टफील्ड येथील शिक्षक प्रशिक्षण विद्यालयात प्रवेश घेतला आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत, उत्तम गुणांनी पूर्ण केला. पुढची सुमारे तेरा वर्षे शाळेत शिकवण्यात आणि ग्रंथालयाच्या कामात गेली. संशोधन करायचे तर विद्यापीठाचे शिक्षण हवे आणि त्यासाठी पैसा हवा. तो पगारातून साठवण्याखेरीज दुसरा उपाय त्यांच्याकडे नव्हता.

पस्तिसाव्या वर्षी विद्यार्थिनी...

१८९६ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, स्टीव्हन्स यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. विद्यापीठ सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. १८९९ मध्ये पदवी आणि १९०० मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पॅसिफिक ग्रोव्ह येथील समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉपकिन्स प्रयोगशाळेत काम करत. सूक्ष्मदर्शकाखाली एकपेशीय जीवांचे निरीक्षण करणे आणि जे दिसते ते काटेकोरपणे कागदावर रेखाटणे, याची सवय त्यांना या वर्षांत लागली.

त्यानंतर पेनसिल्वेनिया राज्यातील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात त्या डॉक्टरेटसाठी दाखल झाल्या. महाविद्यालय लहान होते, पण जीवशास्त्र विभाग नावाजलेला होता. एडमंड बीचर विल्सन हे तिथले पहिले प्रमुख. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर त्यांच्या जागी थॉमस हंट मॉर्गन आले. हे दोघेही पुढे आनुवंशिकीचे अध्वर्यू ठरले. स्टीव्हन्स मॉर्गन यांच्या विद्यार्थिनी झाल्या.

महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीमुळे १९०१-०२ मध्ये त्यांना युरोपला जाता आले. इटलीतील नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रात आणि जर्मनीतील वुर्झबर्ग येथे थिओडोर बोव्हेरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. गुणसूत्रे म्हणजे केंद्रकातील एकसारख्या काड्या नसून प्रत्येकाला स्वतंत्र कार्य आहे, हे समुद्री अर्चिनवरच्या प्रयोगांतून बोव्हेरी त्याच सुमारास दाखवत होते. स्टीव्हन्स यांच्या पुढच्या कामावर या मुक्कामाचा ठसा दिसतो. १९०३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

पदवी मिळाली, पण पोटापाण्याचा प्रश्न सुटला नव्हता. पूर्णवेळ शिकवायला लागले तर संशोधनाला वेळ उरणार नाही, हे त्या अनुभवाने जाणत होत्या. त्यांनी नव्यानेच स्थापन झालेल्या कार्नेगी संस्थेकडे साहाय्य मागितले. मॉर्गन यांनी शिफारस करताना, गेल्या बारा वर्षांतील आपल्या संशोधक विद्यार्थ्यांत इतके सक्षम आणि स्वतंत्रपणे काम करणारे दुसरे कोणी नव्हते, अशा आशयाचे मत नोंदवले. १९०४ मध्ये संस्थेने त्यांना संशोधन साहाय्यक म्हणून वर्षभरासाठी निधी दिला. याच वर्षभरात लिंगनिश्चितीचे काम झाले.

तेव्हा समज काय होता?

आईला भरपूर खायला मिळाले तर मुली होतात, उपासमार झाली तर मुलगे होतात, असे सांगणारे शास्त्रज्ञ त्या काळात होते. तापमान, ऋतू, आईवडिलांचे वय अशी कारणेही दिली जात. १८८९ मध्ये पॅट्रिक गेडेस आणि जे. आर्थर थॉमसन यांनी लिहिलेल्या पुस्तकाने पोषण आणि चयापचयाच्या सिद्धांताला मोठी प्रसिद्धी दिली. नगररचनाकार म्हणून ओळखले जाणारे आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झालेले गेडेस ते हेच. शरीरात साठवण जास्त झाली तर मादी आणि खर्च जास्त झाला तर नर, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

दुसरीकडे काही धागे हाती लागत होते. १८९१ मध्ये जर्मनीचे हर्मन हेन्किंग यांना एका लाल ढेकणाच्या शुक्रपेशींमध्ये विचित्र गोष्ट दिसली. विभाजनाच्या वेळी एक गडद ठिपका जोडीविना राहत होता आणि निम्म्याच शुक्रपेशींत जात होता. तो गुणसूत्र आहे की केंद्रकातील दुसराच कुठला घटक, याची खात्री न पटल्याने त्यांनी त्याला ‘एक्स’ म्हटले. बीजगणितात अज्ञात राशीला आपण ‘क्ष’ म्हणतो, तसाच हा प्रकार. आज ‘एक्स गुणसूत्र’ म्हणून परिचित असलेल्या नावाचा उगम या अनिश्चिततेत आहे.

१९०० मध्ये मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम पुन्हा प्रकाशात आले. १९०१-०२ मध्ये अमेरिकेचे क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी नाकतोड्यांच्या शुक्रपेशींतील अशाच एकट्या गुणसूत्राचा संबंध लिंगाशी जोडला. कल्पना योग्य दिशेची होती, निष्कर्ष मात्र उलटा निघाला. ज्या शुक्रपेशीत हे गुणसूत्र जाते तिच्यापासून नर होतो, असे मॅक्लंग यांना वाटले. मादीच्या पेशींतील गुणसूत्रांची अचूक मोजणी हाती नसल्याने ही चूक झाली.

कीटकांच्याच शुक्रपेशी का?

याचे उत्तर सोयीत आहे. मानवी गुणसूत्रे लहान, संख्येने जास्त आणि एकमेकांवर चढलेली दिसतात. माणसात ती नेमकी ४६ आहेत हे निश्चित व्हायलाच १९५६ साल उजाडले. अनेक कीटकांमध्ये मात्र गुणसूत्रे कमी आणि ठळक असतात. शिवाय कीटकांच्या वृषणात शुक्रपेशी गटागटाने वाढतात. एका गटातील पेशी साधारण एकाच वेळी विभागतात आणि नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाताना वाढीच्या पुढच्या पुढच्या अवस्था दिसतात. एका पातळ कापात पेशीच्या आयुष्याचा मोठा भाग पाहायला मिळतो.

शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. मूळ पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक वडिलांकडून आलेले. दोन विभाजनांनंतर एका पेशीपासून चार शुक्रपेशी होतात आणि प्रत्येकीत जोडीतील एकच गुणसूत्र उरते. अंडपेशीतही तसेच होते. दोन्ही एकत्र आल्या की संख्या पुन्हा पूर्ण होते. जोडीतील दोन गुणसूत्रे दिसायला सारखी असतील तर कोणते कुठे गेले, हे डोळ्यांना कळत नाही. एखाद्या जोडीत एक मोठे आणि एक लहान असेल, तर मात्र त्यांचा माग काढता येतो.

रंग हाच एकमेव रासायनिक पुरावा...

जिवंत पेशीत गुणसूत्रे जवळजवळ पारदर्शक असतात. म्हणून संशोधक आधी पेशी विशिष्ट द्रावणात बुडवून ‘स्थिर’ करत, मेणात बसवून त्यांचे अत्यंत पातळ काप घेत आणि मग ते रंगवत. हेमॅटॉक्सिलीन, सॅफ्रॅनिन, कारमाइन हे त्या काळचे नेहमीचे रंग. केंद्रकातील जो पदार्थ रंग ओढून घेतो, त्याला जर्मन संशोधक वॉल्टर फ्लेमिंग यांनी ‘क्रोमॅटिन’ म्हटले. ‘क्रोमोसोम’ या शब्दाचा अर्थही ‘रंग घेणारी वस्तू’ असाच आहे. मराठीत गुणसूत्राला पूर्वी रंगसूत्र म्हटले जाई, ते यामुळेच.

हा पदार्थ रासायनिकदृष्ट्या काय आहे, याची माहिती तेव्हा तुटपुंजी होती. स्वित्झर्लंडचे फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ मध्ये जखमेच्या पुवातील पेशींतून फॉस्फरसयुक्त ‘न्यूक्लिन’ वेगळे केले होते. नंतर ऱ्हाईन नदीतील सॅमन माशांच्या शुक्रपेशींत हा आम्लधर्मी पदार्थ प्रोटॅमिन नावाच्या अल्कधर्मी घटकाशी बांधलेला असतो, हेही त्यांनी दाखवले. पण त्यासाठी शुक्रपेशी मोठ्या प्रमाणावर लागत. पीठकिड्याच्या वृषणातून एवढे द्रव्य मिळणे अशक्य होते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्यांना रंगावरच विसंबावे लागे.

त्यात एक मोठा फसवा भाग होता. शुक्रपेशी वाढत असताना इतर गुणसूत्रे सैल धाग्यांसारखी पसरतात, पण लिंगाशी संबंधित गुणसूत्र अनेक कीटकांत घट्ट गोळा होऊन राहते. केंद्रकात केंद्रकी नावाचा आणखी एक गोल घटक असतो आणि तोही रंग घेतो. दिसणारा गडद ठिपका गुणसूत्र आहे की केंद्रकी? हेन्किंग यांचा गोंधळ इथेच झाला होता. वेगवेगळे रंग वापरून पाहणे आणि तो ठिपका पुढच्या प्रत्येक अवस्थेत कुठे जातो याचा न कंटाळता पाठपुरावा करणे, एवढेच संशोधकाच्या हाती होते. स्टीव्हन्स यांचा हातखंडा नेमका यात होता.

पीठकिड्यात काय दिसले?

स्टीव्हन्स यांनी वाळवी, झुरळ, एक प्रकारचा वाळूतील रातकिडा, मावा आणि पीठकिडा यांच्या शुक्रपेशी तपासल्या. यातील पीठकिडा, म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर, सर्वात महत्त्वाचा ठरला. त्याच्या अळ्या आज पक्षी आणि शोभेच्या माशांचे खाद्य म्हणून ‘मीलवर्म’ नावाने विकल्या जातात.

नर पीठकिड्याच्या पेशींत २० गुणसूत्रे होती. त्यातील १९ मोठी आणि एक अगदी लहान. शुक्रपेशी तयार होताना हे लहान गुणसूत्र एका मोठ्या गुणसूत्राशी जोडी जमवत होते आणि नंतर दोघे वेगळे होत होते. परिणामी दोन प्रकारच्या शुक्रपेशी तयार होत. निम्म्या शुक्रपेशींत दहा मोठी गुणसूत्रे, उरलेल्या निम्म्यांत नऊ मोठी आणि एक लहान.

एवढ्यावर थांबले असते तर ती आणखी एक कुतूहलाची नोंद ठरली असती. स्टीव्हन्स यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मादीच्या शरीरातील पेशी तपासल्या. तिथे २० गुणसूत्रे होती आणि ती सगळी मोठी. लहान गुणसूत्र मादीत नव्हतेच.

आता हिशेब सरळ होता. मादीच्या प्रत्येक अंडपेशीत दहा मोठी गुणसूत्रे असणार. तिला दहा मोठ्या गुणसूत्रांची शुक्रपेशी मिळाली तर २० मोठी, म्हणजे मादी. नऊ मोठी आणि एक लहान असलेली मिळाली तर १९ मोठी आणि एक लहान, म्हणजे नर. अंडपेशी सगळ्या एकसारख्या. फरक शुक्रपेशीत. दोन्ही प्रकारच्या शुक्रपेशी समप्रमाणात तयार होत असल्याने नर-मादी साधारण समान संख्येने का जन्मतात, याचेही उत्तर त्यातच होते. मॅक्लंग यांचा उलटा निष्कर्षही यातून सुलटा झाला.

हा शोधनिबंध सप्टेंबर १९०५ मध्ये कार्नेगी संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात स्टीव्हन्स यांनी निष्कर्ष सावधपणे मांडला. निदान या किड्यात तरी लिंग शुक्रपेशीतील क्रोमॅटिनच्या फरकाने ठरते. हा फरक क्रोमॅटिनच्या प्रमाणाचा आहे की गुणधर्माचा, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला. रंगवलेल्या कापांवरून त्याचे उत्तर मिळणार नव्हते. त्यासाठी रसायनशास्त्राला बराच पल्ला गाठायचा होता.

मग श्रेय कुणाला मिळाले?

त्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने, कोलंबिया विद्यापीठातील विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष मांडला. ते ढेकूण वर्गातील कीटकांवर काम करत होते. त्यातील एका किड्याच्या मादीत २२ आणि नरात २१ गुणसूत्रे त्यांना आढळली. दुसऱ्या काही जातींत लहान-मोठ्या गुणसूत्रांची जोडीही दिसली. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना होती आणि विल्सन यांनी आपल्या लेखनात स्टीव्हन्स यांच्या पीठकिड्यावरील निरीक्षणाचा उल्लेखही केला. हा शोध दोघांचा आहे, यावर आज विज्ञानाच्या इतिहासकारांचे एकमत आहे. लिंग गुणसूत्रांवरून ठरते, हा निष्कर्ष मांडण्यात मात्र स्टीव्हन्स अधिक ठाम होत्या. विल्सन यांनी सुरुवातीला इतर कारणांनाही वाव ठेवला होता.

पण विल्सन तेव्हा अमेरिकेतील सर्वात प्रतिष्ठित पेशीशास्त्रज्ञ होते. स्टीव्हन्स दोनच वर्षांपूर्वी डॉक्टरेट मिळालेल्या, लहान महिला महाविद्यालयातील संशोधिका होत्या. पुढच्या पाठ्यपुस्तकांत विल्सन यांचे नाव ठळक झाले. मॉर्गन यांची गोष्ट त्याहून वेगळी. लिंगनिश्चितीचा संबंध गुणसूत्रांशी जोडण्याबाबत ते बरीच वर्षे साशंक होते. १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाशीवरील प्रयोगानंतर त्यांचे मत बदलले. गुणसूत्रांच्या आनुवंशिकीतील भूमिकेसाठी १९३३ चे नोबेल त्यांना मिळाले आणि अनेक लोकप्रिय पुस्तकांत लिंग गुणसूत्रांचा शोधही त्यांच्याच खात्यावर जमा झाला.

स्टीव्हन्स यांची अगदीच उपेक्षा झाली, असे मात्र नाही. महिलांच्या वैज्ञानिक संशोधनाला प्रोत्साहन देणाऱ्या अमेरिकी संस्थेचे १,००० डॉलरचे पारितोषिक त्यांना १९०५ मध्ये मावा किडीच्या जननपेशींवरील कामासाठी मिळाले. ब्रिन मॉरमध्ये त्या शिकवत राहिल्या. त्यांना हवे असलेले निव्वळ संशोधनाचे पद मात्र अनेक वर्षे मिळाले नाही.

शेवटची सात वर्षे...

एका किड्यावरून नियम ठरत नाही, हे स्टीव्हन्स जाणून होत्या. म्हणून १९०६ मध्ये त्यांनी भुंगेऱ्यांच्या अनेक जातींवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. बहुतेकांत लहान-मोठ्या गुणसूत्रांची जोडी होती, तर काहींच्या नरात एकटेच मोठे गुणसूत्र होते. १९०८ मध्ये त्यांनी माशांच्या, म्हणजे उडणाऱ्या माश्यांच्या, अनेक जाती तपासल्या. त्यात फळमाशीही होती. पुढे मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेने जिच्यावर आनुवंशिकीची इमारत उभी केली, तिच्या गुणसूत्रांची रेखाटने स्टीव्हन्स यांनी त्याआधीच प्रसिद्ध केली होती. १९०८-०९ मध्ये त्या पुन्हा बोव्हेरी यांच्याकडे वुर्झबर्गला जाऊन आल्या. त्यानंतर डास आणि गिनिपिग यांच्यावरील निबंध आले. जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या संशोधन कारकीर्दीत त्यांचे सुमारे ४० शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

अखेर ब्रिन मॉरच्या विश्वस्तांनी त्यांच्यासाठी खास संशोधन प्राध्यापकाचे पद निर्माण केले. पण ते स्वीकारण्याआधीच त्यांना स्तनाच्या कर्करोगाने गाठले. ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय होते ५०. वेस्टफोर्डच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. मॉर्गन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. त्यात त्यांच्या चिकाटीचा आणि तीक्ष्ण निरीक्षणाचा गौरव होता आणि एका महत्त्वाच्या शोधातील त्यांचा वाटाही मान्य केला होता.

गुणसूत्रे नेमकी कशाची, हे कधी कळले?

स्टीव्हन्स यांनी खुला ठेवलेला प्रश्न त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी सोडवला. १९२४ मध्ये जर्मनीचे रॉबर्ट फॉइल्गेन यांनी डीएनएशी रासायनिक अभिक्रिया होऊन जांभळट-लाल रंग देणारी पद्धत जाहीर केली. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालील गडद ठिपक्यात डीएनए आहे की नाही, हे पहिल्यांदाच खात्रीने सांगता येऊ लागले. गुणसूत्र ही पद्धत वापरताच रंगते. केंद्रकीत प्रामुख्याने आरएनए आणि प्रथिने असल्याने ती तशी रंगत नाही. हेन्किंग आणि स्टीव्हन्स यांना ज्या फरकासाठी झगडावे लागले, तो आता एका चाचणीचा विषय झाला. १९४४ मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंवरील प्रयोगांतून आनुवंशिक गुणधर्म डीएनए वाहून नेतो, हे दाखवले.

शुक्रपेशी घडतानाचा आणखी एक रासायनिक बदलही पुढे समजला. सामान्य पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. फळमाशीची शुक्रपेशी परिपक्व होताना यातील बहुतेक हिस्टोन बाजूला होतात आणि त्यांची जागा प्रोटॅमिनसारखी लहान, अल्कधर्मी प्रथिने घेतात. त्यामुळे केंद्रक सुईसारखे बारीक आणि घट्ट होते. मीशर यांना सॅमनमध्ये सापडलेल्या पदार्थाचेच हे कीटकांतील नातलग म्हणता येतील.

लहान गुणसूत्र, म्हणजे आजचे ‘वाय’, सगळीकडे एकच काम करत नाही, हेही कळले. फळमाशीत नर की मादी हे एक्स गुणसूत्रांच्या संख्येवरून ठरते. एकच एक्स असलेली आणि वाय नसलेली माशी नरच होते, पण वंध्य असते, हे मॉर्गन यांचे विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये दाखवले. कारण तिच्या वायवरील काही जनुके शुक्रपेशीच्या शेपटीला गती देणारी प्रथिने तयार करतात. माणसात मात्र वाय निर्णायक असते. हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले आणि त्यासाठी जबाबदार असलेले ‘एसआरवाय’ हे जनुक १९९० मध्ये सापडले. फरक प्रमाणाचा की गुणधर्माचा, या स्टीव्हन्स यांच्या प्रश्नाचे उत्तर असे दुहेरी निघाले. काही जीवांत प्रमाणाचा, काहींत गुणधर्माचा. पक्षी आणि फुलपाखरांत तर दोन प्रकारच्या जननपेशी मादीच तयार करते.

हा शोध आजही का महत्त्वाचा?

मुलीच होतात म्हणून सुनेला दोष देण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप संपलेली नाही. गर्भजल परीक्षणाचा गैरवापर रोखण्यासाठी देशात सर्वात आधी कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायदा तपासणी रोखू शकतो. दोष कुणाचा, हा घरातला वाद मिटवायला जीवशास्त्राची मदत होते. मानवी अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्रच असते. शुक्रपेशींत निम्म्या एक्स, निम्म्या वाय. म्हणजे फरक पित्याकडून येतो. तोही त्याच्या इच्छेने नव्हे. कोणती शुक्रपेशी अंडपेशीपर्यंत पोहोचेल, हे नाणेफेकीसारखे असते. त्यामुळे दोष आईचा नाहीच आणि वडिलांचाही नाही.

या समजुतीची पहिली भक्कम पायरी १९०५ मध्ये रचली गेली. ती रचणाऱ्या स्टीव्हन्स यांना १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला सन्मान दालनात स्थान मिळाले. २०१६ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गूगलने त्यांच्यावर डूडल केले. ज्या वेस्टफील्डमध्ये त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, तेथील विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्या विज्ञान इमारतीला त्यांचे नाव दिले. एकोणीस मोठ्या गुणसूत्रांशेजारचा तो विसावा, इवलासा ठिपका त्यांनी मोजणीतून सुटू दिला नाही. पुढचे सारे त्यातून आले.